विषारी बेरियम पोटात का पचतं?

अन्ननलिकेचा किंवा जठराचा एक्स-रे काढायचा असेल, तर पेशंटच्या हाती पांढऱ्या, दाट द्रवाचा ग्लास येतो. चव खडूसारखी. हेच ते ‘बेरियम मील’. क्ष-किरण त्यातून सहजी पार होत नाहीत, म्हणून अन्नमार्गाची आतली कडा फिल्मवर ठळक उमटते. बेरियमचंच कार्बोनेट उंदीर मारायला वापरलं जायचं, हे पेशंटला सहसा कोणी सांगत नाही. बरंच आहे!

बेरियम बाधतं ते विरघळलं तरच. कार्बोनेट जठरातल्या आम्लात विरघळतं. मग रक्तातलं पोटॅशियम घसरतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. ‘मील’मधलं बेरियम सल्फेट मात्र आम्लालाही दाद देत नाही. लिटरभर पाण्यात ते जेमतेम २.५ मिलिग्रॅम विरघळतं.

असं का, हे कळायला बेरियमचं घराणं पाहावं लागतं: आवर्तसारणीचा दुसरा गण, अल्कधर्मी मृदा धातूंचा. त्यात वरून खाली येताना अणू मोठा होतो, बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन सैल होतात, धातू तापट होतो. थंड पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ स्वस्थ बसतं. कॅल्शियम टाकताच हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि पाणी गढूळ होतं. बेरियम त्याहून आक्रमक. इथवर सारं सरळ आहे. गंमत आहे ती संयुगांत, आणि नेमकी तीच आपण परीक्षेपुरती घोकून सोडून देतो.

लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट ३०० ग्रॅमहून जास्त विरघळतं, कॅल्शियमचं दोनेक ग्रॅम, बेरियमचं जवळपास शून्य. हायड्रॉक्साइडचं उलटं. मॅग्नेशियमचं इतकं कमी विरघळतं की ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ची बाटली हलवूनच घ्यावी लागते. चुन्याच्या निवळीत लिटरमागे दीडेक ग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं, तर बेरियम हायड्रॉक्साइड ३० ग्रॅमहून जास्त मावतं.

ही रस्सीखेच आहे स्फटिकाची पकड आणि पाण्याची ओढ यांच्यात. धातूचा आयन मोठा होत गेला की पाण्याची ओढ कमी होते. सल्फेट मुळातच थोराड, त्यामुळे धातूचा आयन वाढला तरी स्फटिकाची पकड फारशी सुटत नाही, पाणी हरतं. हायड्रॉक्साइड लहान, तिथे पकड झपाट्याने ढिली पडते, पाणी जिंकतं.

म्हणूनच बेरियमची विषबाधा झालेल्याला डॉक्टर सोडियम किंवा मॅग्नेशियमचं सल्फेट पाजतात. पोटातलं बेरियम सल्फेट बनून शौचावाटे निघून जातं. रक्तात आधीच शिरलेल्या बेरियमपुढे मात्र हा उपाय चालत नाही; तिथे पोटॅशियम द्यावं लागतं.