पहिला तास : कोळसा, सागवान आणि मीटरभर दोरा
भौतिकशास्त्र शिकवताना – लेखांक ४

अकरावीच्या पहिल्या तासाला आपण काय करतो? हजेरी, ओळख, प्रकरणवार गुण, प्रात्यक्षिकाच्या वहीचं कव्हर, आणि वेळ उरलाच तर ‘एकके आणि मापन’. मीही बरीच वर्षं हेच केलं. मुलं लिहून घेतात आणि पुढची दोन वर्षं लिहूनच घेत राहतात.

बल्लारपुरात पहिल्या तासाचं साहित्य रस्त्यावर सापडतं. कोळशाचा खडा कुठेही मिळतो. आणि ज्या गावातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, तिथे सुताराकडे सागाचा एक तुकडा मागायला संकोच कशाला? दोन्ही एकाच आकाराचे घ्यावेत. कोळसा साधारण दुप्पट भरतो. वर्गात ते हातोहात फिरू द्यावेत. प्रत्येकाच्या तळहाताला तो फरक कळला पाहिजे.

मग दोन्ही दोऱ्याला बांधून दाराच्या चौकटीला टांगायचे. गाठीपासून तुकड्याच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. दोन्ही वीतभर मागे ओढून धरायचे आणि विचारायचं : एकदम सोडले तर आधी परत कोण येईल?

सोडायचे मात्र नाहीत. सगळा तास या थांबण्यावर उभा आहे. प्रत्येकाने अंदाज आणि कारण वहीत लिहायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग हात वर करायचे आणि आकडे फळ्यावर. वाद कोणत्याही भाषेत होऊ द्या. दहावीपर्यंत ‘त्वरण’ म्हणणाऱ्या मुलाला अकरावीत एकदम इंग्रजी शब्द सापडत नाही म्हणून तो गप्प बसतो; आमच्या वर्गात तर मराठीबरोबर हिंदी आणि तेलुगूही ऐकू येते. “सर, कोळसा जड हाय न, तोच आधी येईन,” हे पूर्ण भौतिकशास्त्रीय विधान आहे. त्यात कारण आहे आणि ते तपासता येतं.

आता सोडा. दोन्ही बरोबरीने येतात. बहुतेक वेळा मागून कुणीतरी म्हणतं, “सोबत नाही सोडले.” त्यालाच पुढे बोलवावं, त्याच्याच हाताने सोडवून घ्यावं. थोड्या वेळाने सागाचा झोका आधी लहान होतो, तेही कुणाच्या तरी नजरेला येईल. हवेचा विषय मुलांनीच काढला, तर तो टाळू नये.

अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या. जिथे मुलं स्वतः विचार करून चर्चा करत होती, तिथे संकल्पना समजण्यातली सरासरी प्रगती नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांपेक्षा सुमारे दुप्पट निघाली. आपले वर्ग मोठे, तास लहान, हे खरं. पण या प्रयोगाला तीस मिनिटं पुरतात.

उरलेल्या वेळात मोबाइलवर १० दोलनं मोजा : २० सेकंद. दोरा अर्धा केला तर? वर्ग एका सुरात सांगतो, १०. येतात १४. सूत्र लगेच सांगायचा मोह होतो. माझंही बोट खडूकडे जातं. पण मी ते १४ फळ्यावर तसंच ठेवून वर्गाबाहेर पडतो.

एका वर्षी दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरून २५ सेंटिमीटरचा दोरा मोजून आली होती. टोकाला दगड बांधलेला. हजेरीच्या आधीच तिने तो टांगला. १० दोलनं, १० सेकंद.