माणसाची जाती एकच!

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील विहारात रविवारचा अभ्यासवर्ग चालू असताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, विज्ञानाच्या पुस्तकातली जाती म्हणजे आपल्या दाखल्यावरची जातच का?"

आम्ही चमकलो. विचारपूस केली तेव्हा कळले, की सजीवांच्या वर्गीकरणाचा धडा शिकवताना गुरुजींनी फळ्यावर सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड लिहिली आणि सोपे करून सांगण्यासाठी म्हणाले, "माणसांत जशा जाती, तशाच प्राण्यांतही जाती." त्यावर वर्गातल्या काही पोरांनी मागे वळून या मुलीकडे पाहिले.

गुरुजींच्या मनात वाईट नसेलही. परंतु त्या एका वाक्याने विज्ञानाचा धडा उलटा झाला. माणसांनी केलेली गोष्ट निसर्गाच्या नावावर गेली. म्हणून पुढचे तीन रविवार आम्ही हाच धडा घेतला. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा आधी स्वतः शिकलो, मग शिकवले. पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून ते येथे देत आहोत.

डाळीपासून सुरुवात

पहिल्या रविवारी प्रत्येकाने घरून मूठभर धान्य आणले. सतरंजीवर ज्वारी, गहू, मका, तूर, हरभरा, मूग यांची रास केली आणि मुलांना गट पाडायला सांगितले. कुणी रंगाने पाडले, कुणी आकाराने. एकाने 'आवडते' आणि 'नावडते' असे दोन ढीग केले! आम्ही म्हटले, "तुझे आवडते ते हिचे नावडते. मग गट टिकणार कसा? कुणीही तपासले तरी तेच उत्तर येईल असे लक्षण शोधा." अखेर एक मुलगी म्हणाली, "याची डाळ होते, त्याची होत नाही."

हेच ते लक्षण! तूर, हरभरा, मूग भिजवून सोलले की दोन दले सुटी होतात, ती द्विदल. ज्वारी, गहू, मक्याचे तसे होत नाही, ती एकदल. मग रोपे उपटून पाहिली. ज्वारीच्या पानाच्या शिरा समांतर, मुळे झुबक्यासारखी. तुरीच्या पानाच्या शिरा जाळीदार, मूळ सोटासारखे खोल. एका लक्षणामागे दुसरी लक्षणे आपोआप येतात, ते वर्गीकरण खरे.

दुसऱ्या रविवारी प्राणी घेतले. 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. पाठीला कणा आहे काय? साप आणि गांडूळ दिसायला सारखे, पण येथेच वेगळे झाले. पिल्लाला दूध पाजते काय? वटवाघूळ पक्ष्यांतून आणि देवमासा माशांतून उठून आपल्या ओळीत, म्हणजे सस्तन प्राण्यांत आले. पाय किती? सहा पायांची मुंगी कीटक, आठ पायांचा कोळी कीटक नव्हे. मुलांना यात फार गंमत वाटली.

बोधिवृक्षाचे भाऊबंद

तिसऱ्या रविवारी विहाराच्या अंगणातील पिंपळाखाली बसलो. वड आणि उंबराच्या फांद्याही आणल्या होत्या. तिन्हींची पाने तोडली की पांढरा चीक येतो. उंबराचे फूल कुणी पाहिले नाही म्हणतात. आम्ही उंबर कापून भिंगाखाली धरले, तर आत बारीक फुलेच फुले! वडाचे व पिंपळाचेही तसेच. म्हणून हे तिघे आणि अंजीर एकाच प्रजातीत, फायकसमध्ये, येतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ साली पिंपळाला फायकस रिलिजिओसा, वडाला फायकस बेंगालेन्सिस अशी नावे दिली. पहिला शब्द प्रजातीचा. दोन्ही मिळून जातीचे नाव.

मग जाती म्हणजे काय? आपसांत संतती होते आणि त्या संततीलाही संतती होते, ती साधारणपणे एक जाती. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचराचा वंश चालत नाही. म्हणून घोडा व गाढव या दोन जाती.

आता माणसाला ही कसोटी लावा. जगातला कोणताही पुरुष, कोणतीही स्त्री. त्यांचा वंश चालतो. आज पृथ्वीवर असलेली सर्व माणसे एकाच जातीची, होमो सेपियन्स. हे नावही लिनियस यांनीच १७५८ साली दिले. पण त्यांनीच माणसांचे खंडानुसार गट पाडून त्यांना बरेवाईट स्वभाव चिकटवले. लक्षण सोडून पूर्वग्रह धरला की शास्त्रज्ञही चुकतो!

तथागतांनी हे फार पूर्वी सांगितले. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण वाद घेऊन येतात, माणूस जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने? भगवान त्यांना गवत, झाडे, किडे-मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी दाखवून सांगतात, की यांच्यात जन्मजात वेगळी लक्षणे आहेत. माणसांच्या केस, कान, डोळे, नाक यांत तशी लक्षणे नाहीत. माणसांतील भेद केवळ नावाचे.

आणि १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात परमपूज्य बाबासाहेबांनी जातीचे मर्म दाखवले, ते म्हणजे जातीबाहेर लग्नास बंदी. मुलांना आम्ही विचारले, "घोड्याने गाढवाशी लग्न करू नये असा कायदा कुणी केला काय?" मुले हसली. निसर्गाची भिंत असेल तेथे पहारा लागत नाही. माणसांत पहारा ठेवावा लागला, म्हणजे भिंत निसर्गाची नव्हतीच.

त्या मुलीने वहीत लिहून घेतले. मग म्हणाली, "काका, मग दाखल्यावर जात का लिहितात?" आम्ही सांगितले, "ती निसर्गाची नोंद नव्हे, बाळ. माणसांनी केलेल्या अन्यायाची नोंद आहे. त्याची भरपाई मिळावी म्हणून ती ठेवावी लागते. त्यात लाज वाटायची ती अन्याय करणाऱ्याला."

माता-पित्यांनो, मूठभर डाळ आणि दोन पाने घेऊन हा धडा तुम्हीही घरी घेऊ शकाल. आपल्या मुलाला शाळेत कुणी मागे वळून पाहिले, तर त्याने मान खाली घालू नये, उत्तर द्यावे. ते उत्तर त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

जयभीम!