दुष्काळाआधी आलेला पैसा

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. पुढच्याच वर्षी जागतिक बँकेने पुनर्वसनासाठी सुमारे 24 कोटी 60 लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. जगाची रीत अशीच आहे: पैसा येतो तो आपत्तीनंतर. 2010 ते 2019 या दशकात आपत्तींच्या नावाने सुमारे 133 अब्ज डॉलरची आंतरराष्ट्रीय मदत वाटली गेली. त्यातले आपत्तीआधीच्या तयारीला जेमतेम साडेपाच अब्ज. त्यातून दुष्काळ म्हणजे पाय न वाजवता येणारी आपत्ती. त्याच्यासाठी आधी कोण खिसा उघडणार?

जालना तालुक्यातल्या कडवंचीसाठी तो उघडला गेला. हर्मन बाकर या स्विस जेझुइट धर्मगुरूंच्या पुढाकारातून भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला होता. जर्मन विकास बँकेचे अनुदान नाबार्डमार्फत गावांपर्यंत येई. 1996 मध्ये खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने त्यातून कडवंचीचे काम हाती घेतले. त्यामागे कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळ होते.

पैशाला अटी होत्या: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. काम माथ्यापासून पायथ्याकडे. उतारावर आधी समपातळीची रेषा आखायची, तिच्यावर चर खणायचा आणि निघालेली माती खालच्या अंगाला रचायची. रेषा हातभर चुकली तरी पाणी एकाच टोकाला धावते आणि चर फुटतो. खाली शेतांची बांधबंदिस्ती, नाल्यावर बंधारे. यात फोटो काढण्याजोगे फारसे काही नसते. उद्घाटनाची फीत चराला कुठे बांधणार?

2012 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, कित्येकांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली. कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. मुरलेले पाणी होतेच, शिवाय शेततळी होती.

मला खटकते ते या शेततळ्यांपाशी. पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी तळे खणले तर प्रश्न नाही. पण मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घातलेले तळे विहिरीतून, बोअरमधून उपसून भरतात. जमिनीखालचे सगळ्यांचे पाणी एकाच्या तळ्यात येते आणि उन्हात वाफ होऊन जाते. ज्याच्याकडे तळे नाही त्याची विहीर आधी आटते. दुष्काळाचा धोका कमी होत नाही, शेजाऱ्याच्या वावरात सरकतो.

2018 मध्ये जिल्ह्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’ आला. जागतिक बँकेचे 42 कोटी डॉलर, 15 जिल्हे. जर्मनांचे ते अनुदान होते, हे कर्ज आहे. राज्याला फेडायचे आहे. गावपातळीवर समिती असते, पाण्याचा ताळेबंदही मांडला जातो. पण वैयक्तिक घटकांचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यावर थेट जमा होते, त्यामुळे ठिबक, तळे, शेडनेट यांचे अर्ज पटापट येतात. डोंगराच्या माथ्यावर चर खणून द्या, असा अर्ज एकटा शेतकरी कशाला करील? माथा त्याच्या सातबाऱ्यावर नसतो.