श्वास उसना देता येतो!

मुलांनो, पापणी मिटा. उघडा. किती सोपं, नाही? पण तेवढ्यासाठीही मेंदूचा निरोप नसेतून धावत येतो. नस स्नायूला भिडते तिथं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. हे रसायन म्हणजे किल्ली, आणि स्नायूवर असतं तिचं कुलूप. किल्ली लागली की स्नायू आखडतो.

महाड-पोलादपूरच्या भातशेतीत पावसाळ्यात नाग नि मण्यार निघतात. नागाचं विष थेट या कुलपातच ठाण मांडतं. मण्यारीचं विष तर नसेच्या टोकालाही इजा करतं. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येईनासं होतं आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूही लुळे पडतात. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दोन सापांच्या दंशावरही शोधनिबंध लिहिलाय.

आता खरी गंमत! ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ हीच कुलपं मुद्दाम अडवतात. पोटाचे स्नायू ताठ राहिले, तर सर्जन काम कसं करणार? म्हणून आधी झोपेचं औषध, मग व्हेक्युरोनियमसारखं स्नायू सैल करणारं औषध. तोवर श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून मशीन श्वास पुरवतं. हृदयाला या कुलपांची गरजच नसते, ते आपलं धडधडतच राहतं. शेवटी निओस्टिग्मीन देतात. ते ॲसिटिलकोलीन मोडू देत नाही. किल्ल्या वाढतात आणि स्नायू पुन्हा कामाला लागतात. नागदंशातही हे इंजेक्शन उपयोगी पडतं.

कुलपं अशी मुद्दाम अडवायचं सुचलं कुठून? दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला हीच कुलपं अडवणारं क्युरारे नावाचं विष लावत. १८१४ मध्ये इंग्रज निसर्ग-अभ्यासक चार्ल्स वॉटरटननं ते एका गाढवीला टोचलं. तिचा श्वास थांबला, तेव्हा भात्यानं तिच्या फुप्फुसांत हवा भरत ठेवली. विष ओसरलं, गाढवी उठली आणि पुढं कित्येक वर्षं जगली! १९४२ मध्ये मॉन्ट्रियलला डॉ. ग्रिफिथ आणि डॉ. जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरलं.

स्नायू लुळे पडले म्हणजे माणूस गेला असं नाही. श्वास चालू ठेवला, तर माणूस परत येऊ शकतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते; दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपा. साप चावलाच, तर भगताकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशावरचं प्रतिविषही तिथं मिळतं. हे घरी आजी-आजोबांनाही आजच सांगा.