मुलांसोबत पाहावा असा ‘दिल्ली सफारी’

सुट्टीत मुलांना कोणता सिनेमा दाखवावा, असे पालक आम्हाला नेहमी विचारतात. परदेशी कार्टूनपट पुष्कळ आहेत. आपल्या राज्यातल्या जंगलावरचाही एक आहे, ‘दिल्ली सफारी’. दिग्दर्शक निखिल अडवाणी, निर्मिती पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सची. २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बुलडोझर घुसतात आणि सुलतान नावाचा बिबट्या मारला जातो. मग त्याची बेगम, पिल्लू युवी, माकड बजरंगी, अस्वल बग्गा आणि माणसाची बोली येणारा पोपट अॅलेक्स दिल्लीला निघतात, संसदेला जाब विचारायला.

आम्हाला सर्वात आवडला तो पोपट. माणसाच्या घरी सुखात वाढलेला, सगळ्यांत चांगले बोलता येणारा, आणि दुसऱ्यांसाठी बोलायला सर्वात नाखूश! अक्षय खन्नाने त्याला आवाजही झकास दिला आहे. सुलतान-बेगम हे सिनेमात खलनायक नसून घर सांभाळणारे अम्मी-अब्बा आहेत, हेही आमच्या मुलांच्या लगेच लक्षात आले. बजरंगीचे काही विनोद मात्र पाचकळ आहेत आणि गाणी आली की प्रवास अडतो.

खरी उणीव वेगळीच आहे. या जंगलात माणूस येतो तो फक्त तोडायला. चंद्रपूर-गडचिरोलीत असे नाही. इथे पहाटे मोहफुले वेचायला, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला घरची माणसे जंगलात जातात, आणि काही परत येत नाहीत. आमच्या वर्गात सिंदेवाहीकडची एक मुलगी आहे. सिनेमा संपल्यावर तिने विचारले, “सर, बेगम चांगली आहे, मग आमच्या गावचा बिबट्या वाईट का?” सिनेमात याचे उत्तर नाही. दोघांचे जंगल तुटत आले म्हणून दोघे एकाच वाटेवर येतात, एवढे आम्ही सांगितले. तिचे समाधान झालेले दिसले नाही.

मग आम्ही वर्गाला धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाविषयी सांगितले. या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. मुलांनी ती पाठच केली. अॅलेक्सच्या आवाजात म्हणून दाखवण्याची चढाओढ मधल्या सुट्टीपर्यंत चालली.