तारखांची बेरीज-वजाबाकी

तारीख ही एक संख्या

दिवस, महिना आणि वर्ष हे तारखेचे तीन भाग लिहिण्याच्या सोयीचे आहेत, आकडेमोडीच्या नव्हेत. त्यामुळे पायथन ही संगणकभाषा प्रत्येक तारखेला एक अनुक्रमांक देते. इसवी सन १ मधील १ जानेवारीचा क्रमांक १. पुढे दररोज एकाची भर. या मोजणीत १५ ऑगस्ट १९४७ चा क्रमांक ७१०९८८ आणि २६ जानेवारी १९५० चा ७११८८३ येतो. वजाबाकी केली की ८९५ दिवस मिळतात. क्रमांकाला ७ ने भागल्यास उरणारी बाकी वार सांगते: १ म्हणजे सोमवार. ७११८८३ ची बाकी ४, म्हणून पहिला प्रजासत्ताक दिन गुरुवारी आला.

जुनी युक्ती

भारतीय ज्योतिर्गणितात दिवसांच्या अशा मोजणीला अहर्गण म्हणतात. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथात, म्हणजे ग्रहगणिताच्या व्यावहारिक ग्रंथात, (शके १४४२) ४०१६ दिवसांची, म्हणजे सुमारे ११ वर्षांची, चक्रे कल्पून हा आकडा लहान ठेवला. हाताने गणित करणाऱ्याला ती सवलत हवीच होती. संगणकाला तिची गरज नाही.

महिन्याची अडचण

दिवस मिळवणे सरळ असते, महिना मिळवणे नाही, कारण महिन्याची लांबी २८ ते ३१ दिवस अशी बदलते. पायथनच्या ‘टाइमडेल्टा’ या कालावधीच्या प्रकारात महिना हे एककच नाही, आणि ते योग्यच आहे. ३१ जानेवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवल्यास जावा या दुसऱ्या संगणकभाषेची आधुनिक तारीख-प्रणाली २८ फेब्रुवारी देते. जावास्क्रिप्ट या तिसऱ्या भाषेत केवळ महिन्याचा आकडा वाढवला, तर जादा तीन दिवस पुढे सरकून ३ मार्च येतो. जावाच्या उत्तरातून पुन्हा एक महिना वजा केला, तर २८ जानेवारी मिळते. मूळ ३१ परत येत नाही. कर्जाच्या हप्त्याची तारीख काढताना यांतला कोणता नियम लावायचा, हे करारात ठरते, संगणकभाषेत नव्हे.

इतिहासातील मर्यादा

पायथन आजचे ग्रेगोरियन नियम भूतकाळातही मागे ताणते. प्रत्यक्षात ते १५८२ मध्ये आले: ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानला गेला. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्यूलियन पद्धतीनेच चालले. शिवराज्याभिषेकाची रूढ तारीख, ६ जून १६७४, त्या जुन्या मोजणीतली आहे. ती तशीच दिल्यास पायथन बुधवार सांगते. दहा दिवसांची दुरुस्ती करून १६ जून दिल्यास शनिवार येतो.