किल्ली कोणाकडे?

नगरपालिका म्हटले की पाणी, दिवे, रस्ते आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या नोंदी आता जाडजूड वह्यांतून संगणकात गेल्या आहेत. वह्यांच्या कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे असे, हे सर्वांना ठाऊक होते. संगणकाची किल्ली कोणाकडे असते? हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नसून कारभाराचा आहे, असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गच्या अनुभवावरून ते स्पष्ट होईल.

त्या शहरात वीजपुरवठा करणारी 'सिटी पॉवर' ही कंपनी महानगरपालिकेच्याच मालकीची आहे. तेथील पुष्कळ घरांत आगाऊ पैसे भरून वीज घेतात. पैसे भरले की २० अंकी क्रमांक मिळतो व तो मीटरवर दाबला म्हणजे तितकी युनिटे जमा होतात. २५ जुलै २०१९ रोजी, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, कंपनीच्या संगणकांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यातील चोर माल नेत नाही. मालकाच्याच कपाटाला आपले कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. तारा शाबूत होत्या, लोकांच्या खिशात पैसेही होते. पण वीज विकत घेता येईना!

पुढे तीनच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर रोजी, खुद्द महानगरपालिकेच्या यंत्रणेत शिरकाव झाला. २८ तारखेच्या सायंकाळी ५ पर्यंत ४ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ३० हजार डॉलर द्या, नाहीतर नागरिकांची माहिती उघड करू, अशी धमकी आली. पालिकेने संकेतस्थळ व बिलांची व्यवस्था स्वतःहून बंद केली आणि खंडणी देण्यास ठाम नकार दिला.

हा नकार योग्यच होता. परंतु असा नकार ज्याला पचवावयाचा आहे, त्याने नोंदींची दुसरी प्रत मूळ यंत्रणेपासून अलग ठेवलेली असली पाहिजे. विकसनशील देशांतील स्थानिक संस्थांची अडचण नेमकी येथेच आहे. संगणक खरेदीचा समारंभ होतो, त्याच्या राखणीसाठी अंदाजपत्रकात तरतूद नसते. काम ठेकेदाराकडे जाते, जबाबदारी मात्र कोणाकडेच जात नाही. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड तसाच चालू राहतो. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, असा हा प्रकार!

हे संकट आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. २०२१ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर असाच हल्ला झाला. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेने निर्देश काढले, की असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविला पाहिजे. सरकारी संस्थाही त्यातून सुटलेल्या नाहीत. पण कळवावयाचे कोणी, हे कार्यालयात आधी ठरलेले नसेल तर ते ६ तास एकमेकांकडे बोट दाखविण्यातच जातील.

तेव्हा मित्रहो, आपल्या गावच्या सभासदाला आपण नळ-गटारांविषयी विचारतो, तसेच आणखी तीन प्रश्न विचारू या : आमच्या नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे? ती शेवटची कधी उघडून पाहिली? आणि तिला जबाबदार अधिकारी कोण? यांची उत्तरे देण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती लोकांना उत्तर देण्याची सवय. स्थानिक स्वराज्याचा अर्थ तरी याहून वेगळा काय आहे?